अंडे, विरजण आणि ॲरिस्टॉटल

वीस किंवा त्याहून अधिक अंडी घ्यावीत, ती दोन-तीन कोंबड्यांखाली उबवायला ठेवावीत, दुसऱ्या दिवसापासून पिल्ले बाहेर पडेपर्यंत रोज एक अंडे फोडून पाहावे, म्हणजे पक्ष्याचा गर्भ आणि माणसाचा गर्भ यांच्या वाढीत किती साम्य आहे ते ध्यानात येईल, अशी सूचना हिपॉक्रेटिसच्या नावावर असलेल्या ग्रीक वैद्यकीय ग्रंथसंग्रहात आहे. इसवी सनापूर्वी पाचव्या शतकाच्या अखेरीच्या सुमारास लिहिल्या गेलेल्या या ओळींचा कोरडेपणा मला दर वेळी नव्याने आवडतो. अंडी किती, कोंबड्या किती आणि फोडायचे कधी, एवढाच त्यांतला मजकूर आहे. वाचणाऱ्याने आपल्यावर विश्वास ठेवावा अशी त्या वैद्याची अपेक्षा दिसत नाही. त्याने अंडी आणावीत, इतकीच अपेक्षा दिसते.

अशा जुन्या मजकुराचे आज काय करायचे, हा प्रश्न केवळ ग्रीक भाषेच्या अभ्यासकांचा राहिलेला नाही. जानेवारी २०१९ मध्ये जालंधरला भरलेल्या भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये एका विद्यापीठाच्या कुलगुरूंनी कौरवांचा जन्म मूलपेशी आणि परीक्षानळीच्या तंत्राने झाला असल्याचे सांगितले आणि त्यावर देशभर हसेही झाले, संतापही झाला. दुसऱ्या टोकाला आपल्या वर्गांतून आणि लोकप्रिय विज्ञानाच्या व्याख्यानांतून ॲरिस्टॉटलचे नाव येते ते बहुधा ठरावीक विनोदापुरते. स्त्रियांना पुरुषांपेक्षा दात कमी असतात असे हा गृहस्थ म्हणाला, पण बायकोला आ करायला सांगून दात मोजण्याचे त्याला सुचले नाही, ही बर्ट्रांड रसेल यांची चेष्टा गेली सत्तर वर्षे हातोहात फिरते आहे. पहिला पक्ष पूर्वजांना सगळे ठाऊक होते म्हणतो, दुसरा त्यांना काहीच कळत नव्हते म्हणतो. आणि जुना ग्रंथ उघडून त्यातला युक्तिवाद शेवटपर्यंत वाचण्याचे कष्ट दोघेही टाळतात. माझे म्हणणे असे आहे की विज्ञानाचा इतिहास बरोबर-चूक अशा खुणा करून शिकवण्यात फारसा अर्थ नाही. एखादे मत कोणत्या पुराव्याने पडू शकत होते आणि तो पुरावा समोर आला तेव्हा ते मत मांडणाऱ्याने काय केले, हे शिकवायला हवे. आणि त्यासाठी प्राण्यांच्या जननाविषयीच्या ग्रीक वादाइतके भरलेले उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

या वादाचा सर्वांत मोठा लेखक अर्थातच ॲरिस्टॉटल. इ.स.पू. ३८४ मध्ये स्टॅगिरा येथे जन्मलेला हा मुलगा मॅसिडोनियाच्या राजवैद्याचा. वीस वर्षे प्लेटोच्या अकादमीत काढल्यावर तो आधी आशिया मायनरच्या किनाऱ्यावर असॉसला आणि तिथून लेस्बॉस बेटावर गेला. त्या बेटाच्या आत घुसलेल्या पिऱ्हाच्या खाडीचा उल्लेख त्याच्या प्राणिविषयक लेखनात पुनःपुन्हा येतो आणि कोळी, मधमाश्या पाळणारे, गुरे राखणारे यांच्याकडून कळलेल्या गोष्टी पानोपानी येतात. प्राण्यांच्या जननावरचा त्याचा ग्रंथ पाच भागांचा आहे. त्यात कोंबडीपासून मुशीपर्यंत आणि खेचरापासून मधमाशीपर्यंत शेकडो तपशील आहेत, आणि त्यांपैकी बरेचसे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय लिहिता येणार नाहीत असे आहेत.

अंड्याचेच घ्या. तीन दिवस आणि तीन रात्री उलटल्यावर कोंबडीच्या अंड्यात गर्भाची पहिली खूण दिसते. पांढऱ्या बलकात रक्ताचा एक ठिपका असतो, तेच हृदय, आणि तो ठिपका जिवंत असल्यासारखा उडतो, हलतो, असे तो लिहितो. दहाव्या दिवशी पिल्लाचे सगळे अवयव वेगळे ओळखू येतात आणि डोळे अंगाच्या मानाने मोठे असतात. विसाव्या दिवशी कवच फोडून पिल्लाला स्पर्श केला तर ते आत हालचाल करते आणि चिवचिवते. प्राणिशास्त्राच्या पदवी वर्गात असताना आम्हांला कोंबडीच्या गर्भाचे प्रात्यक्षिक होते. उबवणी यंत्रातून काढलेले तिसऱ्या दिवसाचे अंडे कोमट मिठाच्या पाण्यात हलक्या हाताने फोडायचे, बलकावरची ती पातळ चकती कात्रीने गोल कापून काचेच्या वाटीत घ्यायची आणि भिंगाखाली पाहायची. पाहण्याआधीच, नुसत्या डोळ्यांनी, टाचणीच्या डोक्याएवढा तांबडा ठिपका लुकलुकताना दिसला आणि वर्गातला सगळा गोंगाट थांबला. ठिपका काही मिनिटे चालला आणि थंड होत गेला तसा मंदावला. तेवीसशे वर्षांपूर्वीचे ते वाक्य मी त्यानंतर बऱ्याच वर्षांनी वाचले, तेव्हा त्यात बदलावा असा एकही शब्द मला सापडला नाही.

मात्र ॲरिस्टॉटलची थोरवी त्या ठिपक्यात नाही, ठिपक्यावरून त्याने उभ्या केलेल्या प्रश्नात आहे. गर्भाचे सगळे अवयव आरंभापासून एकदमच असतात आणि फक्त मोठे होतात, की जाळे विणताना गाठीमागून गाठ पडावी तसे एकामागून एक तयार होतात? पहिला पक्ष घेणाऱ्याचा ठरलेला बचाव असतो की अवयव असतात, पण इतके बारीक असतात की दिसत नाहीत. या बचावाला ॲरिस्टॉटलने दिलेले उत्तर एका ओळीचे आहे आणि ते अजूनही कोणत्याही वर्गात फळ्यावर लिहावे इतके स्वच्छ आहे: फुप्फुस हृदयापेक्षा मोठे असते, तरी ते हृदयानंतर दिसू लागते, तेव्हा लहान असल्यामुळे दिसत नाही हे कारण चालणार नाही. जे मागून दिसते ते मागून झालेले आहे.

हाच प्रश्न आपल्याकडेही विचारला गेला होता, आणि कौरवांच्या कुंभांवर ज्यांचा अभिमान अडला आहे त्यांनी खरे तर इकडे पाहायला हवे होते. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात गर्भाचा कोणता अवयव प्रथम होतो यावर मतांची रांगच लावली आहे: शौनक म्हणतो डोके, कृतवीर्य म्हणतो हृदय, पाराशर्य म्हणतो नाभी, मार्कंडेय म्हणतो हातपाय, सुभूती गौतम म्हणतो मधले धड. मग धन्वंतरी सांगतो की हे कोणतेच बरोबर नाही. सगळी अंगे एकदमच होतात, पण गर्भ सूक्ष्म असल्यामुळे ती कळत नाहीत, जसे बांबूच्या कोंबात किंवा आंब्याच्या फळात. पिकलेल्या आंब्यात केसर, गर, कोय वेगवेगळे दिसतात. कोवळ्या फळात ते असतातच, पण निराळे काढून दाखवता येत नाहीत. दृष्टांत अतिशय देखणा आहे आणि विरोधी मतांची नावानिशी नोंद ठेवण्याची ती सवय अभिमान बाळगावा अशीच आहे. पण फुप्फुसाचा आक्षेप जर त्या सभेत कोणी घेतला असता तर आंब्याला उत्तर देता आले नसते. ग्रीक श्रेष्ठ की भारतीय, हे ठरवण्यासाठी मी हे दोन उतारे शेजारी ठेवत नाही. एकच प्रश्न दोन ठिकाणी दोन प्रकारे हाताळला गेला, एका ठिकाणी दृष्टांताने आणि दुसऱ्या ठिकाणी आकार व क्रम यांच्या तुलनेने, आणि दृष्टांत पटला तरी तो तपासता येत नाही, हे विद्यार्थ्याला इतक्या कमी शब्दांत दुसरीकडे कुठे दाखवता येईल असे मला वाटत नाही.

दृष्टांताच्या या मोहात पुढे खुद्द ॲरिस्टॉटल सापडतो, आणि तिथूनच खरी गंमत सुरू होते. पण त्याआधी त्याने ज्यांना खोडून काढले त्यांचे म्हणणे ऐकले पाहिजे. हिपॉक्रेटिसच्या परंपरेतले वैद्य आणि डेमॉक्रिटससारखे तत्त्वज्ञ मानत की बीज सगळ्या शरीरातून, प्रत्येक अवयवातून गोळा होऊन येते, म्हणून मूल आईबापांसारखे दिसते. त्या वैद्यांच्या ग्रंथात तर स्त्रीलाही पुरुषासारखेच बीज असते आणि दोघांच्या बीजांत जे वरचढ ठरेल त्याप्रमाणे अपत्याचे लिंग ठरते, असे स्पष्ट आहे. ॲनॅक्सागोरसच्या मते बीज पुरुषाचेच, स्त्री फक्त जागा देते. मुलगा उजव्या बाजूने, मुलगी डाव्या. एम्पेडोक्लिसच्या मते गर्भाशय गरम असेल तर मुलगा आणि थंड असेल तर मुलगी.

या सगळ्यांची ॲरिस्टॉटलने जी झाडाझडती घेतली ती वाचताना मन प्रसन्न होते. मुले आवाजात, नखांत, केसांत, चालण्याच्या ढबीत आईबापांसारखी असतात. आता आवाजातून किंवा चालीतून बीज कसे गळेल? दाढी फुटण्याआधी आणि केस पिकण्याआधी बाप झालेल्या माणसाच्या मुलालाही पुढे दाढी येते, केस पिकतात. बापाच्या अंगात जे त्या वेळी नव्हतेच ते बीजात कुठून आले? एलिस येथील एका स्त्रीला इथिओपियन पुरुषापासून झालेली मुलगी काळी नव्हती, पण त्या मुलीचा मुलगा काळा निघाला. मग मधली पिढी ते रूप कुठे दडवून होती? हे सगळे मांडताना तो विरोधकांचा उत्तम पुरावाही लपवत नाही: कॅल्सेडॉन येथील एका माणसाच्या दंडावर डाग दिल्याची (तापल्या लोखंडाने भाजल्याची) खूण होती आणि त्याच्या मुलाच्या दंडावर तीच खूण अस्पष्ट उमटली होती, ही हकीकत तो स्वतः सांगतो. एम्पेडोक्लिसला तर तो सरळ गर्भाशय उघडून उत्तर देतो. नर आणि मादी जुळे एकाच भागात असलेले आपण विच्छेदनात पुरेसे पाहिले आहेत, तेव्हा उष्णतेची गोष्ट संपली.

इतका कसून विचार करणारा माणूस स्वतःचा सिद्धांत काय मांडतो? अन्नाचे रक्त होते; पुरुषाच्या अंगातली उष्णता अधिक, म्हणून त्याच्या शरीरात त्या रक्ताचा आणखी पाक होऊन वीर्य तयार होते; स्त्रीची उष्णता तितकी पोचत नाही, म्हणून तिच्याकडे कच्चे मासिक रक्त उरते. ते रक्त म्हणजे द्रव्य, वीर्य म्हणजे त्या द्रव्याला आकार आणि गती देणारे. हे समजावून सांगण्यासाठी त्याने दुधाचे उदाहरण घेतले. ग्रीक लोक वासराच्या जठरातले रेनेट किंवा अंजिराचा चीक घालून दूध घट्ट करत. वीर्य तसेच रक्ताला घट्ट करते. मराठी वाचकाला यात आपले विरजण आठवेल, आणि दृष्टांत कुठे लंगडतो तेही लगेच दिसेल, कारण विरजण हे दुधाचेच झालेले असते आणि दह्यात उतरते. ॲरिस्टॉटलला नेमके तेच नको होते. वीर्याचा द्रव भाग गर्भात उरत नाही, विरून जातो, असा त्याचा आग्रह होता. म्हणून तो सुताराकडे वळतो. सुताराच्या अंगातला कोणताही तुकडा पलंगात जात नाही, जातो तो आकार, हातांच्या आणि हत्यारांच्या हालचालींतून. बाप सुतार, आई लाकूड. आणि याच चढणीवर ते वाक्य येते, की स्त्री ही जणू व्यंग राहिलेला पुरुष आहे.

या वाक्याची सारवासारव करणारे म्हणतात की तो त्याच्या काळाचे अपत्य होता, त्या काळी सगळे असेच मानत. हा बचाव मला अजिबात मान्य नाही, आणि तो खोडण्यासाठी विसाव्या शतकातला एकही ग्रंथ उघडावा लागत नाही. त्या काळी सगळे असे मानत नव्हते, हे आपल्याला माहीत आहे याचे एक मोठे कारण म्हणजे स्वतः ॲरिस्टॉटल. दोघांनाही बीज असते हे मत त्याच्यापुढे मांडलेले होते, त्याने ते वाचले, त्याच्यावर पानेच्या पाने खर्च केली आणि ते नाकारले. नाकारण्याची त्याची कारणे पुष्कळशी चांगली होती, हा त्यातला अवघड भाग आहे. सगळ्या अवयवांतून बीज गोळा होते हा सिद्धांत खरोखर कच्चा होता. तो पडला म्हणून स्त्रीला बीज नसते हे मात्र सिद्ध होत नव्हते. या दोन गोष्टींमधली खिंड त्याने पुराव्याने ओलांडली नाही. तिथे आधीपासून एक पूल तयार होता.

तो पूल म्हणजे शेताची उपमा. इ.स.पू. ४५८ मध्ये अथेन्सच्या रंगभूमीवर आलेल्या एस्किलसच्या ‘युमेनिडीज’ नाटकात आईचा खून करणाऱ्या ओरेस्टिसचा खटला चालतो, आणि त्याच्या बचावासाठी अपोलो देव सांगतो की जिला आई म्हणतात ती अपत्याची जनक नसून पेरलेल्या बीजाची दाई आहे. जनक तो, जो पेरतो. साक्षीला आईवाचून जन्मलेली अथीना उभीच असते. मिनँडरच्या प्रहसनांत मुलीचा बाप वराला सांगतो की औरस संततीच्या नांगरटीसाठी मी ही तुला देतो. आपल्याला हे परके वाटायचे कारण नाही. नारी क्षेत्र आणि पुरुष बीज, असे मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात आहे (त्याच श्लोकात दोहोंच्या संयोगानेच देहधारी जन्मतात असे पुढे म्हटले आहे, हेही सांगायला हवे), आणि ‘शुद्ध बीजापोटी’ हे तुकोबांचे शब्द, ज्यांचा रोख आचरणावर आहे, स्थळे पाहताना वंशाच्या अर्थाने वापरणारी मंडळी प्रत्येकाच्या नात्यात असतात.

गंमत अशी की ज्या अथेन्सने अपोलोचा युक्तिवाद ऐकला, त्याच अथेन्सने सातच वर्षांनी, इ.स.पू. ४५१ मध्ये, पेरिक्लिसच्या प्रस्तावावरून कायदा केला की नागरिकत्वासाठी आई आणि बाप दोघेही अथेनियन असले पाहिजेत. म्हणजे नागरिकांची यादी करताना आई मोजली जात होती. वारसा, खून आणि तत्त्वज्ञान यांच्या वेळी ती लाकूड होत होती. उपमा सोयीची असली की तिच्या आड येणारा कायदाही दिसेनासा होतो. महाराष्ट्रात १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या मुलाच्या नावात आईचे नाव वडिलांच्या नावाआधी लिहिण्याचा सरकारी निर्णय झाला, तेव्हा ‘याने काय साधणार’ असे विचारणाऱ्यांपैकी किती जणांना आपण एक फार जुनी सुतारकी सांभाळतो आहोत याची जाणीव होती, कोण जाणे.

पूर्वग्रहाने ॲरिस्टॉटलचे निरीक्षण कसे वाकते ते पाहायचे तर स्त्रियांविषयीच्या वाक्यांपेक्षा मधमाश्यांचे प्रकरण अधिक उपयोगी आहे, कारण तिथे कोणाचाच अहंकार दुखावत नाही. पोळ्यात तीन प्रकारच्या माश्या असतात: मोठी प्रमुख माशी, कामकरी माश्या आणि नांगी नसलेले नर. प्रमुख माशीला काही लोक ‘आई’ म्हणतात हे त्याने नोंदवले आहे, तरी तो स्वतः तिला राजाच म्हणतो. प्रमुख माशी पोळ्यात नसली तरी नरांची पिले होतात, कामकऱ्यांची होत नाहीत, असे काही लोक म्हणतात, हेही त्याने टिपले आहे. आणि ते बरोबर आहे, कारण कामकरी माश्या कधीकधी अफलित अंडी घालतात आणि त्यांतून नरच निघतात. आता कोण नर आणि कोण मादी? कामकरी माश्या मादी असू शकत नाहीत, तो म्हणतो, कारण निसर्ग कोणत्याही मादीला लढण्याचे शस्त्र देत नाही आणि यांना नांगी आहे. त्या नरही असू शकत नाहीत, कारण कोणताही नर पिलांसाठी कष्ट करत नाही. म्हणून त्यांच्यात वनस्पतींप्रमाणे दोन्ही लिंगे एकत्र असावीत.

या तर्कातले दुसरे कारण वाचताना मी थबकलो, कारण त्याच लेखकाच्या प्राणिवर्णनात ग्लानिस नावाच्या शिंगाड्यासारख्या (कॅटफिश) माशाची हकीकत आहे. नदीतल्या या माशाचा नर चाळीस-पन्नास दिवस अंड्यांपाशी आणि पिलांपाशी पहारा देतो, जवळ येणाऱ्या माशांवर धावून जातो आणि कोळ्यांना हे ठाऊक असल्यामुळे ते त्याला तिथेच गाठतात. पुढे युरोपातल्या अभ्यासकांनी ही हकीकत दंतकथेत जमा केली होती. एकोणिसाव्या शतकात प्राणिशास्त्रज्ञ लुई अगासी यांनी ग्रीसमधल्या अकेलोस नदीतले मासे मिळवून तपासले आणि माशाच्या नावातच ॲरिस्टॉटलचे नाव घातले. म्हणजे पिलांसाठी कष्ट करणारा नर त्याच्या स्वतःच्या टिपणांत होता. शस्त्र कोणाचे आणि कष्ट कोणाचे याचे घरातले आणि नगरातले नियम त्याने पोळ्याला लावले, तेव्हा ते टिपण त्याने उघडले नाही.

आणि तरीही हे प्रकरण संपवताना तोच लिहितो की माश्यांविषयीची वस्तुस्थिती अजून पुरेशी हाती आलेली नाही. कधी आली तर सिद्धांतापेक्षा निरीक्षणावर अधिक विश्वास ठेवावा, आणि सिद्धांतावर तो दिसणाऱ्या गोष्टींशी जुळेल तेवढाच. हे वाक्य त्याच्या भक्तांनी अनेकदा मिरवले आहे. मला ते निराळ्या कारणासाठी महत्त्वाचे वाटते: पोळ्याविषयी जी सावधगिरी त्याला सुचली ती स्त्रीच्या शरीराविषयी त्याच ग्रंथात त्याला सुचली नाही. राणीमाशीच्या पोटातले अंडाशय सतराव्या शतकात स्वामरडॅम याने उघडून दाखवले आणि नर अफलित अंड्यांतून होतात हे १८४५ मध्ये झिएर्झोन याने मांडले, तेव्हा ॲरिस्टॉटलच्या शब्दाला बाध आला नाही, कारण त्याने जागा मोकळी सोडली होती.

सगळ्या चुका मात्र पूर्वग्रहाच्या खात्यात टाकता येत नाहीत. वाम मासे चिखलातून आपोआप होतात हे त्याचे मत हास्यास्पद वाटते, पण त्याने दिलेले कारण ऐका: गोड्या पाण्यात पकडलेल्या एकाही वामेत कधी अंडी किंवा वीर्य सापडलेले नाही. हे निरीक्षण अचूक होते. युरोपातली वाम विणीसाठी समुद्रात फार दूर जाते आणि तिचे जननावयव त्या प्रवासातच पक्व होतात. तरुण सिग्मंड फ्रॉइडने १८७६ मध्ये ट्रिएस्टला सुमारे चारशे वामा चिरल्या आणि नराच्या वृषणांचा निर्णायक पुरावा त्यालाही देता आला नाही. वामा अटलांटिक महासागरातल्या सार्गासो समुद्रात वितात हे विसाव्या शतकाच्या पहिल्या चतुर्थांशात योहान्स श्मिट यांनी अळ्यांचा माग काढत दाखवले. ऑक्टोपसचे उलट झाले. नराचा एक हात समागमासाठी असतो असे कोळी सांगत होते. ॲरिस्टॉटलने ते नोंदवले आणि शरीररचनेच्या आधारे, अगदी तर्कशुद्धपणे, नाकारले. कोळी बरोबर होते. १८२९ मध्ये क्युव्हियेसारख्या थोर शास्त्रज्ञाने तो तुटलेला हात पाहून त्याला परजीवी किडा समजून नाव दिले, तेव्हा ॲरिस्टॉटलला हसणाऱ्यांनी जरा सबुरीने घ्यावे. उलट गुळगुळीत अंगाच्या मुशीचे पिलू नाळेने गर्भाशयाला जोडलेले असते, हे त्याचे न पटणारे विधान १८४२ मध्ये योहानेस म्युलर यांनी खरे करून दाखवले.

तेव्हा ‘पाहिले तिथे बरोबर, पाहिले नाही तिथे चूक’ असा सोपा हिशेबही लागत नाही. वामेच्या बाबतीत पुरावा पाण्यात हजारो मैल दूर होता. मधमाशीच्या बाबतीत तो त्याच्याच वहीत होता. पहिल्या चुकीला मी चूक म्हणेन, दुसरीला निष्काळजीपणा. शिकवताना हा फरक हरवतो आणि दोन्ही चुका एकाच विनोदात जातात.

स्त्रीविषयीचा सिद्धांत तर त्याच्या स्वतःच्या हातातही पुरता टिकलेला नाही. चौथ्या भागात मुले आईसारखी, आजीसारखी का दिसतात हा प्रश्न येतो. आई निव्वळ लाकूड असेल तर पलंग लाकडाच्या आईसारखा कसा दिसेल? तेव्हा तो म्हणतो की बापाकडून आलेली गती कमी पडली तर ती ढळते आणि आईच्या बाजूच्या गती वर येतात. म्हणजे लाकडालाही गती होती तर. हे त्याने तीन भाग आधी कबूल केले असते तर सुतार अडचणीत आला असता, आणि मला वाटते हे त्याला कळलेही असावे. तो त्या प्रकरणात जितका शब्दाला शब्द जोडत जातो तितका दुसरीकडे जात नाही.

पुढचा इतिहास थोडक्यात सांगतो. अलेक्झांड्रियात हिरोफिलसने स्त्रीच्या अंडाशयांचे वर्णन केले, आणि इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गेलेनने त्याच्या आधारे स्त्रीलाही बीज असते असे ॲरिस्टॉटलच्या विरोधात ठासून सांगितले. पण ते बीज थंड आणि अपुरे, असे त्यानेही जोडले. पुरावा बदलला, पायरी तीच राहिली. तेराव्या शतकात थॉमस ॲक्वायनसच्या धर्मशास्त्रात ते व्यंगाचे वाक्य चर्चेला येते. विल्यम हार्वे ॲरिस्टॉटलचा निष्ठावंत वाचक होता, तरी पहिल्या चार्ल्स राजाच्या शिकारीतल्या हरिणींची गर्भाशये समागमानंतर उघडली तेव्हा त्याला आत ना वीर्य दिसले ना साकळलेले रक्त, आणि १६५१ च्या ग्रंथात त्याने विरजणाची ती उपमा सोडली. सस्तन प्राण्याचे बीजांड फॉन बेअर यांना १८२७ मध्ये कुत्रीत दिसले, आणि नराचे व मादीचे केंद्रक एकत्र येताना १८७६ मध्ये ऑस्कर हर्टविग यांनी पाहिले, तेही समुद्रातल्या साळिंदरासारख्या काटेरी प्राण्यात, ज्याच्या तोंडातल्या दातांच्या रचनेला ॲरिस्टॉटलच्या वर्णनावरून अजूनही ‘ॲरिस्टॉटलचा कंदील’ म्हणतात.

गौरव करणारेही आपल्याकडेच असतात असे नाही. नोबेल मिळालेले मॅक्स डेलब्रुक यांनी १९७१ च्या एका निबंधात अर्ध्या गमतीने सुचवले की डीएनएमागचे तत्त्व शोधल्याबद्दल ॲरिस्टॉटलला मरणोत्तर नोबेल द्यायला हवे, कारण स्वतः न खर्च होता केवळ आकाराची योजना पुढे देणारे बीज त्याने कल्पिले होते. सूचना चतुर आहे, पण ती बसवण्यासाठी आईला पुन्हा एकदा बाजूला काढावे लागते. डीएनए दोघांकडून येतो आणि बीजांड तर त्याशिवाय जवळजवळ सगळी पेशीच देते. आजचे ज्ञान जुन्या शब्दांत वाचायचे ठरवले की न जुळणारा अर्धा भाग गळून पडतो. जालंधरच्या व्यासपीठावर झाले तेच, फक्त ढोबळपणे. याउलट डार्विनने शरीरभरातून येणाऱ्या सूक्ष्म कणांची आनुवंशिकतेची कल्पना १८६८ मध्ये मांडली आणि हिपॉक्रेटिसची तीच कल्पना नंतर त्याच्या लक्षात आणून देण्यात आली, तेव्हा छापण्याआधी हे ठाऊक असते तर बरे झाले असते, असे त्याने पत्रात लिहिले. एलिसच्या त्या स्त्रीचा नातू तेव्हाही त्याला अडवायला हजर होता.

म्हणून अभ्यासक्रमात प्राचीन ज्ञान आणायचेच असेल, आणि ते येते आहेच, तर माझी मागणी साधी आहे. धन्वंतरीचा आंबा आणि ॲरिस्टॉटलचे फुप्फुस एकाच पानावर छापा, खाली कोणाचे बरोबर ते लिहू नका. त्यापुढच्या पानावर माश्यांचा तर्क आणि ग्लानिस माशाची हकीकत द्या, दोन्ही एकाच लेखकाची आहेत एवढे सांगा आणि मुलांना त्याची चूक शोधायला सांगा. आणि शक्य असेल तिथे तिसऱ्या दिवसाचे एक अंडे कोमट पाण्यात फोडू द्या.